विल्यम मार्शल: पाच राजांची चाकरी केलेल्या सरदाराला निष्ठावान म्हणायचं का?

उंबरठा (धागाकर्ता) | शनिवार, रात्री १०:१०

नमस्कार मंडळी,

गेले दोन महिने एका माणसाने मला झपाटलंय. विल्यम मार्शल. जन्म ११४६-४७ च्या सुमाराचा, मृत्यू १४ मे १२१९. इंग्लंडमधल्या मध्यम वकुबाच्या सरदाराचा चौथा मुलगा, म्हणजे वडिलांच्या जमिनीतलं ढेकूळसुद्धा वाट्याला येणार नाही असा. मेला तेव्हा मात्र पेम्ब्रोकचा अर्ल होता, वेल्स, आयर्लंड आणि नॉर्मंडीत त्याची जहागीर होती आणि अकरा वर्षांच्या राजाच्या नावाने तो अख्खं राज्य चालवत होता.

सुरुवातीचा एकच प्रसंग सांगतो. ११५२ साल. इंग्लंडच्या गादीवरून राजा स्टीफन आणि सम्राज्ञी मटिल्डा यांच्यात भाऊबंदकी पेटलेली. विल्यमचा बाप जॉन मटिल्डाच्या बाजूचा. न्यूबरीच्या गढीला स्टीफनने वेढा घातला. जॉनने थोडी मुदत मागितली, हमी म्हणून पाच-सहा वर्षांचा विल्यम ओलीस दिला आणि त्या मुदतीत गढीत गुपचूप दाणागोटा आणि माणसं भरून घेतली. राजाने निरोप धाडला, पोराला फाशी देईन. बापाचं उत्तर: "हातोडा आणि ऐरण दोन्ही माझ्याकडे आहेत. याच्याहून चांगली पोरं घडवीन."

स्टीफनच्याने पोराला मारवेना. पुढे एक दिवस राजाच्या तंबूत गवतफुलं पसरली होती. पोराने त्यातले लांब देठाचे तुरे वेचून त्यांचे 'सरदार' केले आणि राजालाच खेळायला बोलावलं. एकाने देठ धरायचा, दुसऱ्याने त्यावर आपला देठ मारायचा. ज्याचा तुरा उडाला तो हरला. राजाचा उडाला.

हेच पोर पुढे एकामागून एक पाच राजांच्या पदरी राहिलं: धाकटा राजा हेन्री (बाप जिवंत असतानाच ११७० मध्ये अभिषेक झालेला), त्याचा बाप दुसरा हेन्री, मग रिचर्ड, जॉन आणि शेवटी तिसरा हेन्री. यातले बरेचसे एकमेकांचे जानी दुश्मन. तरी त्याच्या काळापासून आजपर्यंत लोक मार्शलला निष्ठेचा पुतळा मानतात.

मला ते पटतं, पण का पटतं हे नीट मांडता येत नाही. तुमचं मत काय?

---

वाचनवेडा | शनिवार, रात्री १०:२४

जागा धरून ठेवतो. हातोडा-ऐरण वाचून पोटात गोळा आला. वाचनखूण साठवली.

---

सईची_आई | शनिवार, रात्री १०:५२

माझी सई सहा वर्षांची आहे, त्यामुळे मी त्या तंबूतच अडकले. पोर बिनधास्त खेळतंय, आणि आपल्या बापाने आपल्याला वाऱ्यावर सोडलंय हे त्याला ठाऊकच नाही. आणि ज्या माणसाने फाशीची आज्ञा द्यायची तोच समोर बसून खेळतोय.

मला वाटतं तुमच्या प्रश्नाचं मूळ इथेच असावं. ज्याचा बाप शब्द मोडून मोकळा झाला, तो मुलगा पुढे जन्मभर दिलेल्या शब्दाला धरून राहिला. हे माझं मत. पुरावा मागू नका.

---

मचवा | शनिवार, रात्री ११:०५

विधानसभेत गोंधळ झाला की अध्यक्ष ज्यांना बोलावतात ते मार्शल या घराण्यातलेच का? असतील तर त्यांनाही राजे बदलायची सवय असणारच. :)

---

पागेवाला | शनिवार, रात्री ११:४०

@मचवा, हसलो खरा, पण शब्दाचं कूळ एकच आहे. जुन्या जर्मन बोलींतले दोन शब्द जोडून झालेला हा शब्द: घोडा आणि चाकर. म्हणजे मुळात पागेतला नोकर. पुढे राजाची पागा सांभाळणारा मानकरी झाला, मग दरबारातली शिस्त त्याच्याकडे आली, आणि तिथून विधानसभेपासून फील्ड मार्शलपर्यंत. विल्यमच्या घराण्यात हा मान वंशपरंपरेने होता, म्हणून तेच आडनाव झालं.

आता माझ्या आवडीचा भाग. पोरगा बारा-तेरा वर्षांचा झाल्यावर त्याला नॉर्मंडीत आईच्या नात्यातल्या टँकरव्हिलच्या सरदाराकडे शिकायला धाडला. तिथे त्याची ख्याती काय, तर खातो आणि झोपतो. नाव पडलं 'खादाड'. वीस वर्षांचा असताना पहिल्या लढाईत जिवाच्या कराराने लढला, पण स्वतःचा घोडा गमावून बसला. रात्री जेवणावळीत एका बड्या सरदाराने सर्वांसमक्ष विचारलं, "मार्शल, मला एक भेट दे. घोड्याचं जुनं खोगीरपट्टं काहीतरी." हा म्हणाला, माझ्याकडे कधीच नव्हतं हो. तो म्हणाला, "काय सांगतोस! आज तर तुला चाळीस-साठ मिळाली असतील!" सगळी पंगत हसली. अर्थ एवढाच की पाडलेल्या शत्रूचा घोडा आणि सामान ताब्यात घ्यायचं असतं, नुसतं लढून पोट भरत नाही. त्याला अंगावरचा झगा विकून साधं तट्टू घ्यावं लागलं.

तो हा धडा कधी विसरला नाही. त्या वेळच्या टूर्नामेंट म्हणजे सिनेमात दाखवतात तशी भाले रोखून दोघांची टक्कर नव्हे. दोन गावांमधल्या मैलोगणती रानात शेकडो घोडेस्वारांच्या दोन फळ्या एकमेकींवर तुटून पडायच्या. समोरच्याच्या घोड्याचा लगाम धरून त्याला ओढत आपल्या बाजूला न्यायचं, मग तो सुटकेचा दाम भरणार. मार्शलने रॉजर द गॉजी नावाच्या स्वारासोबत भागीदारी केली. दहा महिन्यांत दोघांनी १०३ सरदार धरले. हिशेब कोणी ठेवला? धाकट्या राजाच्या मुदपाकखान्यातल्या कारकुनाने!

आणि प्लर गावचा किस्सा. दिवसभराच्या खेळानंतर बक्षीस द्यायला शोधतात तर हा गायब. सापडला लोहाराच्या भट्टीत. ऐरणीवर डोकं टेकून गुडघ्यावर बसलाय आणि लोहार हातोडा-पक्कड घेऊन त्याचं शिरस्त्राण उपटतोय. मार खाऊन खाऊन ते इतकं चेपलं होतं की डोक्यातून निघेना. बक्षीस होतं एक भलामोठा मासा, आणि तो त्याला त्या अवस्थेत दिला.

---

सईची_आई | शनिवार, रात्री ११:५१

@पागेवाला, बापाची हातोडा-ऐरण मुलाच्या नशिबी अशी आली म्हणायची!

---

तळटीप | रविवार, सकाळी ७:३०

किस्से छान आहेत. पण एक विचारतो, हे सगळं आपल्याला कळलं कुठून? जवळजवळ सगळं एकाच पद्यचरित्रातून. त्याच्या मृत्यूनंतर थोरल्या मुलाने जॉन नावाच्या कवीकडून ते लिहवून घेतलं, १२२६ च्या सुमारास पुरं झालं. माहिती पुरवली मार्शलच्याच सेवेत आयुष्य गेलेल्या जॉन ऑफ अर्ली याने. म्हणजे घरच्यांनी पैसे मोजले, घरच्या माणसाने आठवणी सांगितल्या, कवीने ओव्या रचल्या. आपण बखर वाचतो तेव्हा लिहवून घेणारा कोण हे आधी बघतो की नाही? मग साहेबाच्या बखरीला वेगळा न्याय का?

निष्ठेबद्दल माझं मत सरळ आहे. ११७३ मध्ये धाकट्या हेन्रीने बापाविरुद्ध बंड केलं तेव्हा मार्शल बंडखोराच्या बाजूला होता. १२०५ मध्ये नॉर्मंडीतली जमीन वाचवण्यासाठी त्याने फ्रान्सच्या राजालाही मुजरा केला, इंग्लंडच्या राजा जॉनचा चाकर असताना. १२१५ मध्ये सरदारांनी जॉनविरुद्ध बंड केलं तेव्हा हा राजाकडे आणि याचा थोरला मुलगा बंडखोरांकडे. कोणीही जिंको, जहागीर घरातच. दोन्ही डगरींवर हात ठेवणारा माणूस हुशार असतो हे मान्य. निष्ठावान कसा?

---

उंबरठा | रविवार, सकाळी ९:१५

@तळटीप, याच प्रतिसादाची वाट बघत होतो.

बखरीबद्दल पूर्ण सहमत. पण ती हाताशी आली कशी तेही ऐका, कारण ती कहाणी मला चरित्राइतकीच आवडते. १९,२१४ ओळींच्या या काव्याची एकच हस्तलिखित प्रत उरली आहे. १८६१ मध्ये लंडनच्या एका लिलावात पॉल मेयर या फ्रेंच अभ्यासकाने ती ओझरती चाळली. लगेच दुसऱ्याच गिऱ्हाइकाने विकत घेतली आणि ती त्याच्या अफाट संग्रहात दडपली गेली. मेयर वीस वर्षं तिच्या मागावर होता. १८८१ मध्ये चेल्टनहॅमला त्याला ती पुन्हा सापडली आणि १८९१ ते १९०१ मध्ये त्याने ती छापली. म्हणजे सव्वाशे वर्षांपूर्वीपर्यंत हा माणूस बहुतेकांना फक्त सनदांवरच्या साक्षीदारांच्या यादीतून माहीत होता.

आणि ती बखर घरची असूनही पहिल्या लढाईची फजिती लपवत नाही. 'खादाड' हे नावही तीच सांगते. १२०५ च्या मुजऱ्यावरून जॉन दरबारात कसा भडकला तेही तिच्यातच आहे. मला वाटतं म्हणूनच तिच्यावर थोडा तरी भरवसा ठेवता येतो.

११७३ बद्दल: मार्शल तेव्हा धाकट्या हेन्रीचा चाकर होता, बापाने स्वतःच नेमून दिलेला. मालक बंड करतोय म्हणून चाकराने निघून जायचं?

---

ब्रिस्टलवासी | रविवार, दुपारी १:२०

मी वेल्समधल्या चेपस्टोपासून तासाभरावर राहतो, म्हणून तिथल्या किल्ल्यात तीन-चारदा गेलोय. नदीकाठच्या कड्यावर लांबलचक पसरलेला किल्ला, वाय नदी खाली चिखलातून वाहते. आतल्या एका दालनात दोन जुनी लाकडी दारं ठेवली आहेत. मार्शलने बांधलेल्या दरवाज्याची. लाकडाची वर्तुळं मोजून काळ काढलाय, ११९० च्या आधीचा. युरोपात किल्ल्याची याहून जुनी दारं नाहीत. बाहेरच्या अंगाला लोखंडी पत्रे ठोकलेले, आतून आडव्या-उभ्या पट्ट्यांची जाळी. १९६२ पर्यंत ती दारं प्रत्यक्ष वापरात होती! माझ्या मुलाने विचारलं, "बाबा, हे दार त्याने स्वतः लोटलं असेल?" मी म्हटलं, लोटायला माणसं असतील, पण त्यातून घोड्यावरून नक्कीच गेला असेल.

लंडनला गेलात तर टेम्पल चर्चही बघा. तिथल्या गोल भागात दगडी सरदार जमिनीवर निजलेत, त्यातला एक मार्शल समजला जातो. अंगात साखळ्यांचं चिलखत, डावीकडे ढाल. १९४१ च्या मे महिन्यातल्या बॉम्बफेकीत जळतं छत या पुतळ्यांवर कोसळलं, म्हणून चेहरा पार झिजल्यासारखा दिसतो. हे चर्च इनर टेम्पल आणि मिडल टेम्पल या वकिलांच्या दोन संस्थांचं. गांधीजी १८९१ मध्ये इनर टेम्पलमधूनच बॅरिस्टर झाले.

---

निरंजनी | रविवार, दुपारी ३:०५

चाळीसेक वर्षांपर्यंत मार्शलकडे सांगण्यासारखी जमीन नव्हती. ती आली इझाबेल द क्लेअरमुळे, आणि एवढ्या मोठ्या धाग्यात तिचं नावही नाही? ब्रिस्टलवासी, चेपस्टो तिचंच. पेम्ब्रोकचा हक्क तिच्या बापाचा. आयर्लंडमधला लेन्स्टर तिच्या आईकडून आलेला. बाप 'स्ट्राँगबो' म्हणून ओळखला जाणारा रिचर्ड द क्लेअर, आई ईफा, लेन्स्टरचा राजा डर्मट मॅकमरो याची मुलगी. ११८९ मध्ये लग्न झालं तेव्हा ती सतरा-अठराची, तो त्रेचाळिशीच्या आसपास. राजाने 'बक्षीस' म्हणून दिलेली मुलगी. तिला कोणी विचारलं नसणार.

पण पुढचं बघा. १२०७ मध्ये जॉनने मार्शलला आयर्लंडहून परत बोलावलं तेव्हा त्याने किल्केनीत सगळ्या मांडलिकांना जमवलं आणि गरोदर इझाबेलचा हात धरून सांगितलं: ही तुमची जन्माने धनीण आहे. तुम्हाला जमिनी देणाऱ्या अर्लची ही मुलगी. माझ्याकडे जे आहे ते हिच्यामुळे आहे. मग तिला तिथेच ठेवून तो गेला. मागे बंडाळी झाली, किल्केनीला वेढा पडला, पण तिची बाजू टिकली.

आणि लिंकन? १२१७ मध्ये तिथे बंडखोर आणि त्यांच्या बाजूच्या फ्रेंचांशी झालेली लढाई मार्शलची म्हणतात. पण त्याआधी कित्येक आठवडे तो किल्ला लढवत कोण होतं? निकोला द ला हे, साठी उलटलेली विधवा. जॉनने मरण्याच्या थोडंच आधी तिला लिंकनशायरची शेरीफ, म्हणजे राजाच्या वतीने त्या परगण्याची कारभारी, नेमलं होतं. लढाई जिंकल्यावर चारच दिवसांत मार्शलच्या सरकारने ते पद काढून सॅलिस्बरीच्या अर्लला दिलं. ती भांडली आणि किल्ला मात्र सोडला नाही. निष्ठेचा पुतळा उभारायचाच असेल तर तिचा उभारा.

---

वाचनवेडा | रविवार, दुपारी ३:१८

निरंजनी ताई, +१००. निकोलावर वेगळा धागा काढाच.

---

डब्लिनकर | रविवार, संध्याकाळी ६:४५

निष्ठावान वगैरे ठीक आहे. पण मी इथे अकरा वर्षं राहतोय आणि इथल्या लोकांशी बोललं की वेगळं चित्र दिसतं. मार्शल आयर्लंडमध्ये आला तो नॉर्मन जमीनदार म्हणून. त्याने वसवलेली गावं, बांधलेले किल्ले ज्या जमिनीवर उभे राहिले तिथले आधीचे आयरिश कुळं-कुटुंबं बाजूला सारली गेली. फर्न्सच्या बिशपने तर त्याच्यावर बहिष्कार घातला, कारण त्याच्या मते मार्शलने चर्चच्या दोन जमिनी बळकावल्या. मार्शलने त्या परत केल्या नाहीत. मेल्यावर मुलांनीही केल्या नाहीत.

आता उलट बाजू, कारण मी ती डोळ्यांनी बघितली. वेक्सफर्डच्या टोकाला हुक नावाचं भूशिर आहे. तिथे मार्शलने तेराव्या शतकाच्या सुरुवातीला दीपगृह बांधलं, आपल्या न्यू रॉस बंदराकडे जहाजं सुखरूप यावीत म्हणून. बुटकं, जाडजूड, काळे-पांढरे पट्टे. भिंती चार-चार मीटर जाड. सुरुवातीला मठातले साधू वर विस्तव पेटता ठेवायचे. आठशे वर्षं झाली, दिवा अजून चालू आहे. गेल्या हिवाळ्यात आम्ही गेलो तेव्हा इतका वारा होता की गाडीचं दार उघडेना. आत शिरलो आणि एकदम शांत. त्या भिंतींत वारा ऐकूच येत नाही.

तिथून जवळच टिंटर्न मठ आहे. समुद्रात वादळात सापडल्यावर वाचलो तर मठ बांधीन असा नवस केला होता, तो त्याने फेडला.

---

मचवा | रविवार, संध्याकाळी ७:००

@डब्लिनकर, आमच्या घरात तीन पिढ्या समुद्रावर गेल्या. ज्याने किनाऱ्यावर दिवा लावला त्याचे निम्मे गुन्हे माझ्यापुरते माफ.

---

डब्लिनकर | रविवार, संध्याकाळी ७:०४

@मचवा, उरलेले निम्मे इथल्या लोकांना विचारून ठरवू. :)

---

तळटीप | रविवार, रात्री ९:३०

@उंबरठा, 'मालक बंड करतोय म्हणून चाकराने निघून जायचं?' हा प्रश्न चांगला आहे. पण लिंकनचं काय? जिंकल्यावर राजाच्या फौजेने शहर लुटलं, चर्चसुद्धा सोडली नाहीत. घाबरून पळणाऱ्या बायका मुलांना घेऊन छोट्या होड्यांत चढल्या आणि ओझ्याने होड्या उलटून बुडून मेल्या. त्या दिवसाला शिपायांनी 'लिंकनची जत्रा' असं नाव दिलं. सेनापती मार्शल होता. बखर मात्र सांगते की हा सत्तरीचा म्हातारा शिरस्त्राण घालायचं विसरून घोडा सोडायला निघाला, पोऱ्याने आठवण केली तेव्हा थांबला. ही गोष्ट गोड आहे. होड्यांची नाही.

---

पागेवाला | सोमवार, सकाळी ८:१०

होड्यांबद्दल उत्तर नाही माझ्याकडे. वाईटच झालं.

पण दोन डगरींच्या मुद्द्यावर बोलायचंय. दोन्हीकडे हात ठेवणारा माणूस फ्रान्समधल्या ल मान्स शहराबाहेर काय करेल? जून ११८९. दुसरा हेन्री म्हातारा, आजारी, हरलेला. शहर पेटलंय. त्याचाच मुलगा रिचर्ड फ्रान्सच्या राजाशी मिळून त्याचा पाठलाग करतोय. सगळ्यांना दिसतंय की उद्याचा राजा रिचर्ड. म्हाताऱ्याची पाठ राखायला मागे मार्शल. रिचर्ड चिलखत न घालताच भरधाव आला, समोर मार्शलचा भाला बघून ओरडला, "मला मारू नकोस, मी चिलखतात नाही!" मार्शल म्हणाला, "मी नाही मारत. सैतान मारो तुला." आणि भाला रिचर्डच्या घोड्यात घुसवला. घोडा जागीच गेला, पाठलाग थांबला.

महिनाभरात, ६ जुलैला, हेन्री शिनाँला मेला. नोकरांनी अंगावरच्या कपड्यांसकट सगळं पळवलं. प्रेत फाँतव्ह्रोच्या मठात नेण्याची व्यवस्था करणाऱ्यांत मार्शल होता. तिथे रिचर्ड आला. बापाच्या चेहऱ्याकडे बघून झाल्यावर मार्शलला बाजूला घेऊन म्हणाला, "परवा तू मला मारायला निघाला होतास. मी हाताने भाला वळवला म्हणून वाचलो."

इथे "हो महाराज, चुकलो" म्हटलं असतं तर सगळं सोपं होतं. तो म्हणाला, "मारायचं असतं तर मारलं असतं. भाला कुठे घालायचा ते अजून मला कळतं. घोड्यात घातला तसा तुमच्यात घातला असता."

रिचर्डने क्षमा केली, आणि इझाबेलशी लग्न लावून दिलं ते यानंतर. तळटीप साहेब, उद्याच्या राजाचा घोडा मारणं हा फायद्याचा सौदा कोणत्या वहीत लिहायचा?

---

उंबरठा | सोमवार, रात्री ९:४०

पागेवाल्यांनी माझं काम केलं. माझ्या मनात उत्तर हळूहळू जमतंय. त्याची निष्ठा गादीशी नव्हती, वंशाशी नव्हती. ज्याला शब्द दिला त्या जित्या माणसाशी होती, आणि तो माणूस मरेपर्यंत होती. धाकटा हेन्री ११८३ मध्ये हगवणीने मेला, तेव्हा यात्रेला जायचं म्हणून अंगावर शिवलेला क्रूस त्याने मार्शलच्या हवाली केला. मार्शल तो घेऊन खरंच जेरुसलेमला गेला. मेलेल्याकडून मिळणार काय होतं?

जॉनचं प्रकरण सगळ्यात कठीण. त्याने मार्शलची दोन मुलं ओलीस ठेवली. (@सईची_आई, स्वतः ओलीस राहिलेल्या माणसाची मुलं!) जॉनने ज्याला देशोधडीला लावलं त्या द ब्रोज नावाच्या सरदाराला मार्शलने आसरा दिला, आणि जाब विचारल्यावर दरबारात उभा राहून उत्तर दिलं. पण बंडात सामील झाला नाही. १२१५ च्या मॅग्ना कार्टात, म्हणजे राजाच्या सत्तेला लगाम घालणाऱ्या सनदेत, राजाला सल्ला देणाऱ्या सरदारांत पहिलं नाव त्याचं आहे.

मग ऑक्टोबर १२१६. जॉन मेला. फ्रान्सचा राजपुत्र लुई लंडन धरून बसलाय, निम्म्याहून जास्त सरदार त्याच्या बाजूला. तिजोरी रिकामी. राजा नऊ वर्षांचा. त्याला घोड्यावर पुढ्यात बसवून आणलं, मार्शल वाटेत सामोरा गेला. पोर म्हणालं, मी स्वतःला देवाच्या आणि तुमच्या हवाली करतो. दोघेही रडले. ग्लॉस्टरला घाईने अभिषेक केला, साध्या सोन्याच्या कड्याने, आणि त्याआधी त्याला सरदारकीची तलवार बांधली मार्शलने. रात्री जॉन ऑफ अर्ली म्हणाला, सगळे सोडून गेले तर आपलं कसं? मार्शलचं उत्तर असं, की सगळ्यांनी सोडलं तर मी या पोराला खांद्यावर घेऊन बेटामागून बेट, मुलखामागून मुलूख चालत जाईन, भीक मागावी लागली तरी.

आणि महिन्याभरात त्याने काय केलं? जॉनने नाकारलेला आणि पोपने रद्द केलेला मॅग्ना कार्टा स्वतःच्या मोहोरेने पुन्हा जारी केला, पोपच्याच प्रतिनिधीची मोहोर सोबत घेऊन. बंडखोर ज्यासाठी लढत होते तेच देऊन टाकलं. आज तो कागद कोणाला आठवतो याचं मोठं कारण १२१५ पेक्षा १२१६ आहे, असं माझं ठाम मत आहे.

---

मचवा | सोमवार, रात्री १०:०२

आणि एवढ्या मोठ्या जहागिरीचं पुढे काय झालं? वंशज आहेत का कोणी?

---

डब्लिनकर | सोमवार, रात्री १०:३०

पाच मुलगे, पाच मुली. पाचही मुलगे एकामागून एक अर्ल झाले आणि पाचही औरस संतती न होता गेले. एक आयर्लंडमध्ये लढाईत जखमी होऊन, एक १२४१ मध्ये टूर्नामेंटमध्ये घोड्यावरून पडून (बापाने ज्यातून नाव कमावलं त्याच खेळात). शेवटचे दोघे १२४५ मध्ये पाठोपाठ. इथे लोक म्हणतात, फर्न्सच्या बिशपचा तळतळाट लागला. सगळी जमीन मुलींच्या वंशात वाटली गेली. त्यातली इझाबेल, तिची मुलगी ब्रूस घराण्यात पडली, आणि त्या मुलीचा नातू म्हणजे स्कॉटलंडचा राजा रॉबर्ट द ब्रूस. इंग्लंडच्या राजांचा एवढा मोठा पाठीराखा, आणि त्याच्या खापरपणतूने इंग्लंडच्या फौजेला पाणी पाजलं.

---

निरंजनी | सोमवार, रात्री १०:४१

म्हणजे वंश चालवला मुलींनीच. नोंद घ्यावी.

---

सईची_आई | मंगळवार, दुपारी २:१५

मुलींवरून आठवलं. उंबरठा, तुम्ही दिलेल्या धाग्यादोऱ्यांवरून मी त्याच्या शेवटच्या दिवसांबद्दल वाचलं. कॅव्हरशॅमला टेम्स नदीच्या काठी तो दोन महिने झिजत होता. एक दिवस म्हणाला, मला गावंसं वाटतंय, पण गायलो तर लोक म्हणतील म्हाताऱ्याला भ्रम झाला. कोणीतरी सुचवलं, मुलींना बोलवा. थोरली मटिल्डा गायली, गळा दाटलेला असतानाही. मग धाकटी जोन लाजत, अडखळत गायली. त्याने तिला थांबवलं. गाताना लाजायचं नसतं बाळ, असं करून शब्द नीट निघत नाहीत. आणि कसं म्हणायचं ते त्याने तिला शिकवलं.

बापाने याला काय दिलं होतं, आणि याने मुलीला काय दिलं. मी काल सईला झोपवताना हे सांगितलं. ती म्हणाली, मग ती नीट गायली का?

---

तळटीप | मंगळवार, रात्री ९:५०

मी बखरीवर शंका घेतली होती, अजूनही घेतो. पण तिच्यातल्या एका जागेवर माझा विश्वास बसतो.

मरणाच्या दारात असताना धर्मगुरू म्हणतात की टूर्नामेंटमध्ये लुबाडलेलं सगळं परत केल्याशिवाय मोक्ष नाही. तो म्हणतो, मी पाचशे सरदार धरले, त्यांचे घोडे-शस्त्रं ठेवून घेतली, आता ते परत करणं माझ्या हातात नाही. एवढ्यासाठी देवाचं दार बंद होत असेल तर माझा इलाज नाही. मग एक कारकून सुचवतो: कोठारात फर लावलेले ऐंशी नवे झगे आहेत, ते विकून तुमच्या आत्म्यासाठी दानधर्म करू. मार्शल त्याला गप्प करतो. पेंटेकॉस्टचा सण तोंडावर आलाय, माझ्या माणसांना त्या दिवशी नवे झगे मिळतात, या खेपेला मी देऊ शकतो ते शेवटचेच.

त्या वर्षी तो सण २६ मेला होता. मार्शल १४ मेला गेला, बारा दिवस आधी. स्तुती करणाऱ्या कवीने मालकाने चर्चचा सल्ला धुडकावला हे उगाच रचलं नसतं, तेही तेराव्या शतकात. उंबरठा, तुमच्या 'जित्या माणसाशी निष्ठा' या म्हणण्यात मी फक्त एक दुरुस्ती करेन. ती वरच्या माणसाशी जेवढी होती तेवढीच खालच्यांशीही होती. तेवढं मला मान्य. होड्या मी विसरलेलो नाही.

---

उंबरठा | मंगळवार, रात्री ११:२०

@तळटीप, दुरुस्ती मान्य, आणि होड्याही.

@सईची_आई, सईला सांगा की चरित्रात लिहिलंय, ती त्याने शिकवलं तशी गायली.

झग्यांवरून अजून एक कापड आठवलं. जेरुसलेमहून परतताना त्याने रेशमी वस्त्रं आणली होती, स्वतःच्या तिरडीवर घालायला. त्याच वेळी मरताना टेम्पलर, म्हणजे लढवय्या साधूंच्या पंथातला, होण्याचा शब्दही देऊन आला होता. ही गोष्ट तीस वर्षांहून जास्त काळ त्याने कोणाला सांगितली नाही, बायकोलासुद्धा. कॅव्हरशॅमला जॉन ऑफ अर्लीला वेल्सला धाडून ती मागवली. घडी उघडली तर रंग जरासा उडालेला. पूर्ण उलगडल्यावर सगळे बघत राहिले. मग त्याने जॉनला बजावलं: लंडनच्या वाटेवर पाऊस लागला तर जाडंभरडं करडं कापड विकत घे आणि यावर पांघर. टेम्पलरांच्या हाती हे रेशीम भिजलेलं जाता कामा नये.